वाकलेला जॅक, दोन वर्कशॉप आणि मधेच एक ऑनलाइन मागवलेला सिलेंडर

रेटिंग आधीच सांगतो म्हणजे ज्यांना एवढं सगळं वाचायचं नाही ते सुटतील. पहिला वर्कशॉप ५ पैकी १, ऑनलाइन मागवलेला तयार सिलेंडर ४ (तो मी परत पाठवला, तरी ४, का ते पुढे येईलच) आणि दुसरा वर्कशॉप ४. नावं मुद्दाम टाकत नाही, भांडण करायचं नाहीये, काम कसं झालं आणि कसं व्हायला पाहिजे होतं एवढंच लिहितोय.

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलेला आहे. दोन जॅक आर्म उचलायला आणि दोन बकेट फिरवायला. पुस्तकात हायड्रोलिक सिलेंडर लिहिलेलं असतं पण मिस्त्री लोक जॅकच म्हणतात आणि मलाही तीच सवय आहे, त्यामुळे इथे दोन्ही शब्द येतील, अर्थ एकच.

वाकला तो उजव्या बाजूचा बकेटचा जॅक. आणि चूक शंभर टक्के माझी, ते आधी कबूल करतो. राडारोडा पसरून सपाट करत होतो, बकेट पूर्ण पालथी घालून रिव्हर्सला ओढत होतो, सगळेच करतात तसं, आणि मातीत गाडलेला एक दगड पात्याच्या उजव्या कोपऱ्याला अडकला. गाडीला हिसका बसला, खाडकन आवाज झाला, मी खाली उतरून बघितलं तर वरवर काहीच दिसेना. म्हणलं वाचलो. आणि तसंच चार दिवस काम केलं, इथेच माती खाल्ली. चौथ्या दिवशी ग्लँडमधून (नळीच्या तोंडाचं झाकण, ज्यातून रॉड म्हणजे जॅकचा दांडा आतबाहेर होतो) तेल ठिबकायला लागलं, रॉडची एक बाजू घासून चकचकीत झालेली आणि दुसऱ्या बाजूला तेलात भिजलेल्या मातीचा थर. सरळ पट्टी रॉडला लावून बघितली तेव्हा मधे उजेड दिसला. रॉड वाकलेला होता, थोडासाच, पण होता. पहिल्याच दिवशी थांबलो असतो तर ग्लँडचा बुश (रॉडला आधार देणारी आतली बांगडी) तरी वाचला असता, वाकड्या रॉडने तो घासून घासून पार ओव्हल करून टाकला.

पहिल्या वर्कशॉपमधे गेलो कारण ते म्हणाले आजच्या आज देतो. रॉड काढला, प्रेसखाली धरला, दाबला, परत दाबला, डोळ्याने बघितलं, नवीन सील (तेल अडवणारी रिंग) टाकलं आणि संध्याकाळी हातात. मी पण खूश, काम अंगावर होतं. जाताना विचारलं टिकेल ना, तर म्हणाले एकदम टकाटक. तीन आठवडे टिकलं.

त्यानंतर परत गळती, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. ते का झालं ते मला नंतर दुसऱ्या मिस्त्रीने नख फिरवून दाखवलं. रॉडवर हार्ड क्रोमचा जो थर असतो तो साधारण २० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक, आणि कडक असतो, लवचिक अजिबात नाही. रॉड एकदा वाकला आणि मग उलटा दाबून सरळ केला की आतलं लोखंड ऐकतं पण वरचं क्रोम ऐकत नाही, त्याला आडव्या बारीक चिरा जातात. डोळ्याला धड दिसत नाहीत, पण दर फेऱ्याला रॉड सीलमधून आतबाहेर होतो तेव्हा त्या चिरा कानशीसारखं काम करतात, सीलची ओठासारखी कडा कापतात. चिरांमधून पाणी आत गेलं की खालून गंज धरतो आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात, ते पापुद्रे मग तेलात. शिवाय जिथे एकदा वाकला तिथे तो परत वाकायला तयारच असतो. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून रॉड व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर, फिरवून किती सरळ झालाय हे बघणं तर त्यांच्या गावीही नव्हतं. १ स्टार दिला तो वेळेवर दिलं म्हणून.

आता मधला भाग. मी ठरवलं की दुरुस्ती नकोच, सरळ नवीन तयार सिलेंडर मागवू. आणि इथे जी माती खाल्ली ती आधीपेक्षा मोठी. मी व्हर्निअर घेतला, सिलेंडरच्या नळीचं बाहेरचं माप घेतलं, ६० मिमी आलं, आणि ६० बोअरचा सिलेंडर ऑर्डर केला. बोअर म्हणजे नळीचं आतलं माप असतं हो! माझी नळी बाहेरून ६०, भिंत ५ मिमीची, म्हणजे आतून ५०. आलेला सिलेंडर शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की हा तर भीम आहे.

कोणी म्हणेल मोठा आला तर चांगलंच की, ताकद जास्त. मला पण क्षणभर तसंच वाटलं. पण हिशोब करून बघा. माझ्या लोडरचं प्रेशर १८० बारच्या आसपास आहे. ५० बोअरवर १८० बार म्हणजे ढकलायची ताकद साधारण साडेतीन टन, आणि ६० बोअरवर तेवढ्याच प्रेशरला पाच टनांच्या वर. बकेटच्या एका बाजूला साडेतीन आणि दुसऱ्या बाजूला पाच लागले की बकेट आणि लिंक पिळवटणार, पिना आणि बुश एका बाजूने खाणार, वेल्डिंगला तडे जाणार. जोडीचे जॅक मापाने जोडीचेच पाहिजेत. आणि नुसता बोअर जुळून पण भागत नाही, रॉडची जाडी, स्ट्रोक (रॉड किती बाहेर येतो), पूर्ण बंद असताना पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंतची लांबी, पिनचा व्यास, पिन जाते त्या कडीची रुंदी, पोर्ट (तेल आतबाहेर जायची भोकं) कुठल्या बाजूला तोंड करून आहेत आणि पोर्टचे आटे कुठले आहेत, बीएसपी की मेट्रिक की जेआयसी, हे सगळं जुळायला लागतं. बंद लांबी जास्त असली तर बकेट पूर्ण मागे वळणारच नाही. आटे वेगळे असले तर दोन धागे बसतात आणि मग अडकतं, आणि माणूस जोर लावून पोर्टच खराब करून बसतो. तर मापात संशय असेल तर जुना सिलेंडर उघडून पिस्टन (रॉडच्या आतल्या टोकाचा, नळीत सरकणारा गट्टू) मोजा, नळीवरून अंदाज बांधू नका.

सिलेंडरला ४ स्टार का, तर माल खरंच चांगला होता. क्रोम आरशासारखं, दोन्ही पोर्टला प्लॅस्टिकची बुचं घट्ट लावलेली, कडीत ग्रीस निपल, आत गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला. चूक माझी, त्यांची नाही. १ स्टार कापला कारण त्यांच्या पानावर कुठेही चित्र काढून दाखवलेलं नाही की माप कुठून कुठे घ्यायचं, आणि माझ्यासारखे हुशार लोक जगात कमी नाहीत. परत मात्र कटकट न करता घेतला. माझ्या मापाचा ५० चा त्यांच्याकडे होता पण त्याची बंद लांबी माझ्या जॅकपेक्षा ४० मिमी जास्त, त्यामुळे तो पण बाद.

मग दुसरा वर्कशॉप. इथल्या मिस्त्रींनी जॅक हातात घ्यायच्या आधी विचारलं, "वाकला तेव्हा रॉड किती बाहेर होता?" मी म्हणलं पूर्ण. "आणि लिव्हर?" लिव्हर न्यूट्रलला होता. मान हलवली आणि म्हणाले मग डावा पण घेऊन या. मला वाटलं बिल वाढवायला सांगतायत, खोटं कशाला बोलू. पण हिसका बसतो तेव्हा दोन्ही जॅक एकाच बकेटला बांधलेले असतात, एकाने झोल खाल्ला की उरलेला भार दुसऱ्यावर जातो. डावा उघडून, रॉड फिरवून बघितला, तो सरळ निघाला, आणि त्याचे फक्त उघडून तपासायचेच पैसे घेतले, जबरदस्तीने सील बदललं नाही. इथेच माझा विश्वास बसला.

न्यूट्रलचं का विचारलं ते पण सांगतो कारण मला इतकी वर्षं चुकीचं माहीत होतं. मला वाटायचं सिस्टिममधे रिलीफ वॉल्व आहे ना, प्रेशर वाढलं की तो उघडणार, मग जॅक वाकेलच कसा. पण लिव्हर न्यूट्रलला असतो तेव्हा जॅकचे दोन्ही रस्ते स्पूलने (लिव्हरच्या वॉल्वमधला सरकणारा दांडा) बंद केलेले असतात, मेन रिलीफ पंपाच्या बाजूला राहतो, जॅकमधे कोंडलेल्या तेलाशी त्याचा संबंधच येत नाही. बाहेरून दगडाने कितीही धक्का दिला तरी तेलाला जायला वाट नाही, तेल दबत नाही, मग जे कमजोर असेल ते वाकतं. काही लोडरना बकेटच्या लाइनवर वेगळा पोर्ट रिलीफ असतो, माझ्याला नाही. आणि पालथी बकेट रिव्हर्सला ओढताना नेमकं काय होतं तर जॅक पूर्ण लांब झालेला असतो आणि जमिनीचा सगळा रेटा त्याला बंद करायच्या दिशेने येतो. लांब बारीक दांडा दोन टोकांनी दाबला की तो मधे झोल खातो, आणि लांबी दुप्पट झाली तर त्याची झोल न खाता सहन करायची ताकद चौथाईवर येते. म्हणजे आपण जॅकच्या सगळ्यात नाजूक अवस्थेत त्याच्यावर सगळ्यात वाईट भार टाकतो आणि वर म्हणतो कंपनीने हलका माल दिला.

मी लगेच शहाणपणा केला, म्हणलं मग रॉड जाड टाका, ३० च्या जागी ३५ चा. ते हसले नाहीत, कागद घेतला. ३५ चा रॉड झोल खाण्याच्या बाबतीत ३० पेक्षा जवळजवळ पावणेदोन-दोन पट मजबूत, कारण जाडीचा चौथा घात लागतो, हे खरं. पण माझ्या लोडरला बकेट मागे वळते तेव्हा जॅक बंद होत असतो, म्हणजे तेल रॉडच्या बाजूने काम करतं, आणि रॉड जेवढा जाड तेवढी तिथे तेलाला ढकलायला जागा कमी. ३० च्या रॉडला ओढायची ताकद २.३ टन, ३५ ला १.८ टन. जवळजवळ वीस टक्के ओढ गेली, मातीत घुसलेली बकेट उचकटायला तीच तर लागते. वर ग्लँड नवीन, डावा जॅक पण तसाच करायला लागणार. नको म्हणलं, ३० च ठेवा. असं बसून समजावणारा मिस्त्री मिळणं म्हणजे लॉटरीच, बहुतेक जण "करून टाकू" म्हणतात आणि बिल फाडतात.

रॉडसाठी त्यांनी इंडक्शन हार्डन केलेला, म्हणजे तापवून वरचा थर कडक केलेला, क्रोम बार घेतला. साधा क्रोम बार पण मिळतो आणि स्वस्त असतो, पण त्याला खडा लागला तर खळगा पडतो, हार्डनला सहसा पडत नाही. मात्र त्यांनीच सांगितलं की हार्डन घेतला म्हणून लांब रॉड झोल खायचा थांबत नाही, तिथे पोलादाच्या कडकपणापेक्षा जाडी आणि लांबीच बोलते. हे ऐकून बरं वाटलं, नाहीतर मी परत तसंच रिव्हर्सला ओढत बसलो असतो की आता हार्डन आहे म्हणून.

जुन्या रॉडची कडी कापून नव्या बारला वेल्ड केली, दुसऱ्या टोकाला लेथवर पायरी आणि आटे काढले. ग्लँड गंजून बसला होता, माझ्या डोळ्यासमोर पाइप पान्याने ओरबाडला असता तर मी जॅक उचलून निघालो असतो, पण त्यांनी हुक पाना लावला, तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, ग्लँड काढल्यावर पिस्टन आत अडकला तर कॉम्प्रेसरची हवा मारून बाहेर काढायच्या भानगडीत कोणी पडू नका, तो गोळीसारखा सुटतो.

नळीतून उजेडात बघितलं तर बारीक रेषा होत्या, नखाला लागत नव्हत्या, म्हणून हलकं होनिंग करून, म्हणजे नळी आतून घासून, भागलं. नखाला अडकणारी चर असती तर नळीच बदलावी लागली असती, आणि तसं असेल तर मग दुरुस्ती की नवीन याचा विचार परत करावा. माझ्या मते रॉड गेला असेल आणि नळी चांगली असेल तर रॉड बदलून घेणं कधीही परवडतं. दोन्ही गेलं असेल आणि मापाचा तयार मिळत असेल तर तयारच घ्या.

सीलच्या बाबतीत त्यांची पद्धत आवडली. किटचं पाकीट आणून जे निघेल ते कोंबायचं असं नाही, खाचा मोजून त्या मापाचं सील आणलं, पॉलियुरेथेनचं. गरम पाण्यात मऊ करून, घेवड्याच्या दाण्यासारखं आत दुमडून ग्लँडच्या खाचेत सोडलं, उघडं तोंड तेलाच्या बाजूला. हे उलटं बसलं की पहिल्याच लोडला तेलाची धार, आणि उलटं बसवणारे महाभाग भरपूर आहेत. बुश नवीन, बाहेरचा वायपर (रॉडवरची माती पुसणारी रिंग) नवीन, नळीत पोर्टचं जे भोक असतं त्याची आतली धार हाताने मोडली कारण पिस्टन आत सरकवताना सील तिथेच कापलं जातं आणि मग सगळे म्हणतात नवीन सील डुप्लिकेट निघालं. पिस्टनचा नट जुना वापरला नाही, नवीन टाकला आणि टॉर्क पान्याने ओढला. शेवटी बेंचवर २०० बारला दोन्ही बाजूंनी धरून दाखवलं, पाच मिनिटं काटा हलला नाही.

एक स्टार कापला त्याची कारणं पण ऐका. दोन दिवस म्हणून सहा दिवस लावले, आणि फोन केला की "लेथवरच आहे", सहाही दिवस लेथवरच. दुसरं, एवढं बारीक काम करून देताना पोर्टमधे बोळे कोंबून दिले, चिंधीचे! धागे आत गेले तर वॉल्वमधे जाऊन बसणार, मला घरी परत दोन्ही बाजू धुवायला लागल्या. बुचं काय महाग असतात का. आणि तिसरं म्हणजे रंग मारताना रॉड झाकला नाही, क्रोमवर रंगाचे शिंतोडे. तो रंग वाळला की वायपरची कड खातो, मी थिनरच्या फडक्याने पुसून काढला. मिस्त्री नंबर एक, रंगवाल्या पोराला कोणीतरी सांगा.

बसवणं मीच केलं. बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद, लिव्हर चारही दिशांना हलवून कोंडलेलं प्रेशर सोडलं, मगच होस खोलले. बसवल्यावर एक पिन न घालता रॉड मोकळा ठेवून हळूहळू पाच-सहा वेळा पूर्ण आतबाहेर केला, हवा निघेपर्यंत लोड नाही. हवा अडकलेली असताना एकदम जोर दिला तर ती दाबली जाऊन एवढी तापते की तेलाची वाफ आत पेटून सील जळू शकतं. टाकीतलं तेल परत बघितलं, कमी झालेलं असतंच. आणि गळती शोधायला हात फिरवू नका प्लीज, पुठ्ठा फिरवा. या प्रेशरची सुईएवढी धार कातडीतून आत जाते, वरून फक्त ठिपका दिसतो आणि आत हात सडतो, तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता पुढची गंमत. सगळं बसवून झालं, आणि आठवड्याने माझ्या लक्षात आलं की आर्म वर करून ठेवला की तासाभरात वीतभर खाली येतो. म्हणलं झालं, आता आर्मच्या जॅकचं पिस्टन सील गेलं. फोन करून म्हणलं दोन सील किट काढून ठेवा. दुसरा कोणी असता तर आनंदाने काढून ठेवली असती. हे म्हणाले थांबा, आर्म खाली यायला लागला तर जॅकमधे रॉड आत शिरतो ना, मग रॉडच्या आकारमानाएवढं तेल कुठेतरी बाहेर गेलंच पाहिजे. पिस्टनचं सील अख्खं काढून टाकलं तरी तेल फक्त या बाजूचं त्या बाजूला जाईल, दोन्ही पोर्ट खरंच बंद असतील तर रॉडला आत शिरायला जागाच नाही. बाहेर तेल ठिबकत नाहीये म्हणजे ते वॉल्वमधून टाकीत परत जातंय. मी दोन मिनिटं फोन धरून गप्प. इतकी वर्षं लोडर वापरतोय आणि आर्म उतरला की सील बदला असंच ऐकत आलोय. बकेट पुढे मान टाकत असेल तर मात्र पिस्टन सीलवर संशय घ्या म्हणाले, कारण तिथे भार रॉडला बाहेर ओढतो, बाहेर निघणारा रॉड आत जागा मोकळी करतो, आणि मग सील गेलेलं असलं तर तो सरकू शकतो.

तरी खात्री करायला आले, बकेट खाली असताना आर्मच्या दोन्ही लाइनवर बंद करायचे कॉक बसवले, आर्म उचलला, कॉक बंद केले. तासभर जागचा हलला नाही. कॉक उघडले की परत उतरायला लागला. दोष वॉल्वचाच. स्पूल आणि त्याच्या भोकात रबर नसतं, लोखंडावर लोखंडच चालतं, त्यामुळे थोडी गळती नवीन असताना पण असते आणि झिजला की वाढते, सील टाकून ती जात नाही. तासाला वीतभर हे चालवून घेण्यासारखं आहे म्हणाले, मिनिटाला वीतभर झालं की वॉल्व बदलू. दोन किट विकायची संधी होती, विकली नाहीत, आणि येण्याचे पैसे पण तेवढेच घेतले जेवढे आधी सांगितले होते. सहा दिवसांचा राग तिथे उतरला, नाहीतर हा ३ स्टारचा रिव्ह्यू होता.

आज पाच महिने झाले. रॉड कोरडा आहे, म्हणजे एकदम पुसल्यासारखा कोरडा नाही, तेलाचा पातळ हात असतो तसा आहे, तेवढा असायलाच पाहिजे नाहीतर सील सुकं घासतं. सपाट करायचं काम आता बकेट थोडीच तिरकी ठेवून, जॅक निम्म्यापेक्षा कमी बाहेर ठेवून करतो, वेळ जास्त लागतो. डाव्या जॅकच्या खालच्या पिनेला मात्र खेळ आलाय, हलवली की टकटक वाजते, त्याचा बुश करून घ्यायचाय आणि त्यासाठी परत तिथेच फोन केला तर उत्तर आलं, लेथवर घेतो, दोन दिवसांत देतो.